कृत्तिका बांधता येतात का?

बायबलमधल्या ईयोबच्या पुस्तकात ३८व्या अध्यायात देव ईयोबाला विचारतो, तुला कृत्तिका बांधता येतात का, मृगाचे दोर सोडता येतात का? यावर एक फॉरवर्ड मला दोनदा आलाय, की बघा, कृत्तिका गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या आणि मृगातले तारे सुटे हे हजारो वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय!

आता खगोलशास्त्र बरोबर आहे. कृत्तिका हा खरंच तारकागुच्छ आहे, साधारण ४४० प्रकाशवर्षं लांब, वय १० कोटी वर्षांच्या आसपास, आपल्याला डोळ्यांनी सहा-सात दिसतात पण आत हजारावर तारे आहेत. आणि मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण आपल्याला एका रेघेत दिसतो खरा, पण मधला तारा बाजूच्या दोघांपेक्षा कितीतरी मागे आहे.

पण ओळ नीट वाचा ना राव. बांधता येतं का असं विचारलंय म्हणजे कृत्तिका मोकळ्या आहेत, आणि दोर सोडता येतात का म्हणजे मृग बांधलेला आहे! फॉरवर्डच्या बरोब्बर उलटं. हिब्रूत मृगाला केसिल म्हणतात, म्हणजे मूर्ख, आणि बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की मागे कुठल्यातरी जेरबंद केलेल्या राक्षसाची गोष्ट असावी. कृत्तिकांना म्हणतात किमा. तिथला 'बांधणं' वाला शब्दसुद्धा वादाचाच आहे, जुन्या इंग्रजी भाषांतरात त्याचा अर्थ चक्क 'गोड प्रभाव' असा लावलाय.

आणि याच पुस्तकात एक अध्याय आधी आकाश कसं आहे, तर ओतीव आरशासारखं टणक! तेव्हाचे आरसे काचेचे नव्हते, ब्राँझचे, घासून चकचकीत केलेले. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, म्हणजे उत्पत्तीत, पहिल्याच अध्यायात आकाशाला 'रकिया' म्हटलंय, तो शब्द ज्या क्रियापदापासून आलाय त्याचा अर्थ ठोकून पातळ पसरवणं, तांबट पत्रा ठोकतो तसं. वर पाणी, खाली पाणी, मधे हा पत्रा, आणि जलप्रलयात त्याच आकाशाच्या खिडक्या उघडतात. अशा आकाशात गुरुत्वाकर्षण कुठे शोधायचं? मला तर तो ब्राँझचा आरसाच जास्त आवडतो, भर उन्हात वाळवंटात मान वर केली की आकाश तसंच दिसत असणार.

बाकी कृत्तिकांची गाठही काही कायमची नाही, साधारण २५ कोटी वर्षांत ते तारे पांगणार आहेत.