जुन्या घराचं सिलिंग कोसळलं तर विमा मिळतो का? पात्रता, कागदपत्रं आणि क्लेमची पद्धत

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापूर महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा काढते, आणि शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत वरच्या तुळयांकडे बघणं सुरू होतं. घराचा विमा असेल तर सिलिंग पडल्यावर पैसे मिळतील का? मिळू शकतात. पण सिलिंग पडलं एवढ्यावर कंपनी पैसे देत नाही. ते कशामुळे पडलं, हे ती आधी विचारते.

१ एप्रिल 2021 पासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही सगळ्या कंपन्यांची एकसारखी पॉलिसी आहे. तिच्यात कोणकोणत्या घटनांना संरक्षण आहे याची यादी दिलेली असते. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, घराखालची जमीन खचणं, दरड, बाहेरची वस्तू आदळणं, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं-ओसंडणं वगैरे. 'छत कोसळणे' असं वेगळं कलम त्यात नाही. साधा पाऊसही त्या यादीत नाही, आणि कोल्हापुरात वाद नेमका इथेच होतो.

वाऱ्यानं शेजारचं झाड कौलांवर पडलं आणि खालची तक्तपोशी आली, तर क्लेम बसतो. वरच्या मजल्यावरची टाकी फुटून स्लॅब भिजला आणि गिलावा खाली आला, तरीही बसतो. पंचगंगेचं पाणी घरात शिरलं, मातीची भिंत विरघळली आणि तिच्यावरची तुळई बसली, तर तो पुराचा क्लेम. याउलट चार पावसाळे कौलातून पाणी झिरपतंय, तुळईला वाळवी लागलीय, स्लॅबच्या सळ्या गंजून पोपडे पडतायत आणि एका रात्री सगळं खाली आलं, तर कंपनी 'झीज आणि देखभालीचा अभाव' म्हणून हात वर करते. सदोष बांधकाम किंवा हलक्या मालामुळे घर खचलं तर जमीन खचण्याचं कलमही कामाला येत नाही. शेजारच्या प्लॉटवर पाया खोदताना तुमची भिंत खचली तरी तेच, कारण खोदकामानं झालेलं खचणं या कलमातून वगळलेलं आहे.

घर जुनं आहे म्हणून क्लेम आपोआप बाद होत नाही. मात्र पॉलिसी घेताना भरायच्या प्रपोजल फॉर्ममध्ये घराचं वय, भिंती-छताचा प्रकार आणि आधीचं नुकसान खरं लिहिलेलं हवं. महापालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली धोकादायक इमारतीची नोटीस आलेली असताना ती लपवून पॉलिसी घेतली असेल, तर पुढं बोलायला जागा राहत नाही. 30 वर्षांपुढच्या इमारतीला याच कायद्याच्या कलम 265 अ प्रमाणे संरचनात्मक स्थैर्याचं प्रमाणपत्र लागतं. ते असेल तर नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरच्या 'देखभाल नव्हती' या म्हणण्याला लेखी उत्तर हातात असतं. माझ्या मते जुन्या घराच्या क्लेममध्ये याच्याइतका वजनदार कागद दुसरा नाही.

पेठेतल्या घरांची आणखी एक भानगड असते. घर आजोबांच्या नावावर, घरफाळा काकांच्या नावानं आणि पॉलिसी भलत्याच्याच. पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याचा घरात हक्क असल्याचं दाखवावं लागतं, तेव्हा सिटी सर्व्हे ऑफिसमधून प्रॉपर्टी कार्डवर वारसनोंद आधीच करून घ्या. भाडेकरूला फक्त घरातल्या सामानाचा विमा घेता येतो. गृहकर्ज असेल तर जुनी फाइल काढून बघा. अनेकदा बँकेनं विमा उतरवलेला असतो आणि घरच्यांना पत्ताही नसतो. अशा पॉलिसीत पैसे आधी बँकेकडे जाऊ शकतात.

सिलिंग पडलं तर आधी माणसं बाहेर काढा आणि वीज बंद करा. मग फोटो आणि व्हिडिओ. मोडलेली तुळई, फुटलेली कौलं, पडलेली फांदी यांपैकी काहीही सर्व्हेअर बघेपर्यंत टाकून देऊ नका. टेकू लावायला, ताडपत्री टाकायला हरकत नाही, फक्त बिलं ठेवा. कंपनीला लगेच कळवा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. भरलेला क्लेम फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून 30 दिवसांत द्यायचा असतो.

फॉर्मसोबत पॉलिसीची प्रत, ओळखपत्र, रद्द केलेला चेक, प्रॉपर्टी कार्ड, घरफाळ्याची पावती, फोटो आणि इंजिनिअरचं दुरुस्तीचं एस्टिमेट जोडा. पुराचं किंवा वादळाचं नुकसान असेल तर पंचनाम्याची प्रत, आणि अग्निशमन दल येऊन गेलं असेल तर त्यांचा दाखला. त्या दिवशी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पातळी 43 फुटांच्या धोका पातळीवर होती असं दाखवणारी बातमी कापून ठेवली तरी उपयोग होतो.

'नुकसानीचे कारण' हा रकाना भरताना लोक गडबडतात. 'घर जुने असल्याने सिलिंग पडले' असं आपणच लिहून मोकळे होतात, आणि पुढं नकाराच्या पत्रात तेच वाक्य परत येतं. तुम्ही पाहिलं तेवढंच लिहा: 'रात्री वादळी वाऱ्यात झाड पडले, कौले फुटली, त्यानंतर सिलिंग खाली आले.' तारीख आणि वेळ घाला. न पडलेलं झाड मात्र घालू नका, कारण सर्व्हेअर बुंधा बघायला येतो.

सर्व्हेअरनं नेमणुकीपासून 15 दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर 7 दिवसांत कंपनीनं निर्णय कळवायचा, असा नियम आहे. घर राहण्याजोगं नसेल तर दुसरीकडे राहण्याच्या भाड्याचं कलमही पॉलिसीत असतं. ते मागितल्याशिवाय कुणी आठवण करून देत नाही.

क्लेम नाकारला तर नकार लेखी मागा, पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली नाकारला त्यासकट. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालाकडे जाता येतं. कोल्हापूरसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही आणि 50 लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात, मात्र कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.