बेस्टची वेट लीज बससेवा

मुंबईच्या बेस्ट उपक्रमाने खासगी कंत्राटदारांकडून चालकासह बस भाड्याने घेऊन चालवलेली सेवा. गाडी, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची. मार्ग, वेळापत्रक आणि तिकिटाचे उत्पन्न बेस्टचे. कंत्राटदाराला गाडी जितके किलोमीटर धावेल त्या हिशेबाने ठरलेला दर मिळतो. गाडी भरलेली धावली की रिकामी, याच्याशी त्याला देणेघेणे नसते.

कामगार संघटनांचा या पद्धतीला जुना विरोध होता. जानेवारी २०१९ मध्ये बेस्टचा नऊ दिवसांचा संप झाला. उपक्रम तोट्यात होता आणि महापालिकेच्या मदतीशिवाय तगणे अशक्य होते. कामगार संघटनेशी झालेल्या जून २०१९ च्या करारात स्वमालकीच्या ३,३३७ गाड्यांचा ताफा राखण्याच्या अटीवर भाड्याच्या गाड्यांना वाट मोकळी झाली. ९ जुलै २०१९ पासून किमान भाडे आठ रुपयांवरून पाचवर आणि वातानुकूलित गाडीचे सहावर आले. पाठोपाठ भाड्याच्या वातानुकूलित मिनीबस आल्या. स्टेशन ते वस्ती अशा अरुंद रस्त्यांवर त्या सोयीच्या होत्या. सहा रुपयांत गार हवा मिळाल्यावर तक्रार कोण करणार?

घसरणीची सुरुवात डेपोत झाली. एम. पी. ग्रुप या कंत्राटदाराच्या चालकांनी थकीत पगार आणि भविष्यनिर्वाह निधीसाठी वारंवार काम बंद ठेवले; २०२२ च्या वसंतात काही आगारांतल्या मिनीबस दिवसेंदिवस उभ्या राहिल्या. त्याच वर्षी हा कंत्राटदार बाहेर पडला आणि त्याच्यासोबत पावणेतीनशेच्या आसपास गाड्याही गेल्या. या पद्धतीची खरी मेख इथे आहे. चालक बदलता येतो, पण गाडीच कंत्राटदाराची असल्यावर तो गेला की आगार आणि वेळापत्रक तेवढे उरते. फेब्रुवारी २०२३ मध्ये आगीच्या घटनांनंतर मातेश्वरी कंपनीच्या ४०० सीएनजी गाड्या एकदम रस्त्यावरून काढाव्या लागल्या, तेव्हाही थांब्यांवरच्या रांगाच वाढल्या.

कंत्राटी चालकांचा ऑगस्ट २०२३ चा संप सर्वांत मोठा. डागा ग्रुपच्या घाटकोपर आणि मुलुंड आगारांतल्या चालकांनी पगारवाढीसाठी तो सुरू केला आणि काही दिवसांत तो इतर कंत्राटदारांच्या चालकांपर्यंत पसरला. त्यांच्याच शेजारी बेस्टचा कायम चालक तेच काम कितीतरी जास्त पगारावर करत होता, ही या असंतोषाची मुळी. तोवर निम्म्याहून अधिक ताफा भाड्याचा झाला होता. त्यामुळे शहराची तारांबळ उडाली आणि एसटीच्या गाड्या मदतीला आणाव्या लागल्या. मुख्यमंत्र्यांशी चर्चा झाल्यावर आठवडाभराने संप मिटला. दर परवडत नाही असे सांगत डागा ग्रुपनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये सेवा थांबवली.

दर आधीच ठरलेला आणि निविदा कमीत कमी बोलीची, तेव्हा खर्च वाढला की कात्री प्रथम पगारावर चालते. कंत्राटदाराचा हिशेब बिघडला, तर सेवा पुरवायची जबाबदारी मात्र बेस्टवरच राहते. मोठ्या विद्युत बससाठी २,१०० गाड्यांचे कंत्राट इव्ही ट्रान्सला दिले गेले, पण गाड्या संथगतीने आल्या. ९ डिसेंबर २०२४ च्या कुर्ल्याच्या भीषण अपघातातली गाडीही भाड्याचीच होती आणि त्यानंतर कंत्राटी चालकांच्या प्रशिक्षणावर उघड प्रश्न उभे राहिले.

करारातला ३,३३७ चा आकडा कधीच मागे पडला. २०२५ पर्यंत बेस्टच्या मालकीच्या गाड्या हजाराच्याही आत आल्या होत्या. ९ मे २०२५ पासून किमान भाडे दहा रुपये आणि वातानुकूलित गाडीचे बारा रुपये झाले.