साथरोग कायद्याने संरक्षण कोणाला दिले?

1897 चा साथरोग कायदा अवघ्या चार कलमांचा होता. पहिले कलम नावाचे, दुसरे सरकारच्या अधिकारांचे, तिसरे शिक्षेचे. संरक्षणाचा उल्लेख चौथ्यात होता, पण तो कायदा राबवणाऱ्यांसाठी: सद्‌हेतूने केलेल्या कामाबद्दल त्यांच्यावर दावा लावता येणार नव्हता. हातावर पोट असलेल्यांची चूल कशी पेटणार, याबद्दल एक ओळही नव्हती. पुढच्या सव्वाशे वर्षांचे दुखणे इथेच सुरू होते.

कायद्याला निमित्त मुंबईच्या प्लेगचे. सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांना मांडवीत गाठीच्या तापाचे रोगी सापडले. पाठोपाठ घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण आले. कायदा लागू होऊन जेमतेम महिना झाला होता, तेव्हा पुण्यात सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोचल्या. त्यांनाही लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. दलित वस्तीतल्या त्या मुलाला आधार मिळाला तो माणसाचा, कायद्याचा नव्हे.

1918 च्या मानमोडीने, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीने, ही विषमता आकड्यांतच मांडली. मुंबईत तेव्हा खालच्या मानल्या गेलेल्या जातींत हजारी 61.6 मृत्यू नोंदले गेले. पारशांत 9, युरोपियनांत 8.3. ताप एकच होता. फरक होता तो दाटीच्या खोल्यांचा, पावसाने दगा दिलेल्या वर्षातल्या महागाईचा आणि आजारपणात अंथरुणावर पडून राहण्याची सोय असण्या-नसण्याचा.

2020 मध्ये कोरोनाच्या साथीत हाच कायदा पुन्हा हाती घेतला गेला. 24 मार्चच्या रात्री, चार तासांच्या सूचनेने, देशभर टाळेबंदी आली. जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून चालत निघालेले 16 मजूर 8 मे रोजी करमाडजवळ मालगाडीखाली गेले. थकून ते रुळांवरच झोपले होते. जुलैमध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्तनमुने तपासले, तेव्हा झोपडपट्टीत सुमारे 57 टक्के लोकांत प्रतिपिंडे, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, आढळली, झोपडपट्टीबाहेर 16 टक्के. सामायिक शौचालय वापरणाऱ्याने अंतर राखायचे तरी कसे?

एप्रिल 2020 मधल्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांना हल्ल्यांपासून संरक्षण दिले. ते हवेच होते. स्थलांतरित मजुरांसाठी 1979 चा वेगळा कायदा होता, पण बहुसंख्यांची त्याखाली नोंदच नव्हती. अखेर सर्वोच्च न्यायालयाने त्यांना महासाथ संपेपर्यंत शिधा द्या आणि कोणत्याही राज्यात रेशन मिळण्याची सोय करा, असा निकाल दिला तो 29 जून 2021 रोजी. टाळेबंदीला तोवर पंधरा महिने उलटले होते.