डोळ्यातला रक्ताचा डाग आणि आलेले डोळे

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर अचानक लालभडक डाग उमटलेला दिसला की माणूस हादरतो. डोळे येताना दिसणारी गुलाबी झाक मात्र पुष्कळदा जागरणाच्या माथी मारली जाते. खरे तर जपायला हवे ते या दुसऱ्या प्रकारात.

या पांढऱ्या भागावर एक पातळ, पारदर्शक पडदा असतो. जोराचा खोकला, शिंक, उलटी, कुंथणे किंवा डोळा चोळणे यांमुळे, तर कधी काहीही कारण नसताना, पडद्याखालची एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते आणि रक्त तिथेच साकळते. हा डाग सलग आणि ठळक कडेचा असतो. तो दुखत नाही, चिपडे येत नाहीत, नजरही जशीच्या तशी राहते. पहिल्या एक-दोन दिवसांत तो थोडा पसरला, तरी साधारण २ आठवड्यांत पिवळसर होत विरून जातो आणि त्याला औषध लागत नाही. मात्र डाग वारंवार येत असल्यास रक्तदाब तपासून घ्यावा, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती आपल्या मनाने बंद करू नये.

डोळे येतात तेव्हा रक्तवाहिनी फुटत नाही, तर तो पडदाच सुजतो, म्हणून जवळून पाहिल्यास लाल रेषांचे जाळे दिसते. डोळ्यात खुपते, पाणी येते, सकाळी पापण्या चिकटतात. कारण बहुधा विषाणू, त्यातही ॲडिनोव्हायरस, असतो आणि त्यावर प्रतिजैविकाचे थेंब चालत नाहीत. थंड पाण्याच्या घड्या आणि थोडा धीर पुरतो. घट्ट पिवळा-हिरवा पू येत राहिल्यास जिवाणूंची शंका घ्यावी, तर दोन्ही डोळ्यांना मुख्यतः खाज असल्यास ॲलर्जीची. संसर्ग नुसते पाहिल्याने होत नाही, तो हात, टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यातून पसरतो. त्यामुळे काळ्या चष्म्यापेक्षा साबणाने हात धुणे अधिक उपयोगी. घरात उरलेले स्टिरॉइडचे थेंब घालणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण लाली नागिणीच्या विषाणूची असल्यास बुबुळाला कायमची इजा होऊ शकते.

डोळ्याला मार लागला असेल, तीव्र वेदना होत असतील, उजेड सहन होत नसेल, नजर धूसर झाली असेल किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखत असेल, तर हे दोन्ही प्रकार बाजूला ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे.