माळ्यावरचा संगणक खाली काढा: मुलांच्या पहिल्या प्रोग्रॅमिंगसाठी

“मुलीला कोडिंग शिकवायचंय, कोणता लॅपटॉप घेऊ?” पुण्यात नारायण पेठेतल्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात हा प्रश्न सारखा येतो. आम्ही म्हणतो, आधी घरातला जुना संगणक घेऊन या.

मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार, म्हणजे मोफत सुरक्षा अपडेट, थांबवला. विंडोज 11 चालत नाही म्हणून चांगली यंत्रं माळ्यावर गेली, काही तर थेट भंगारात. 4 जीबी रॅम असेल तर अशा यंत्रावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली नीट चालते आणि तिला पैसे पडत नाहीत. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, घातली की यंत्र चटकन सुरू होतं. मॉनिटर गेला असेल तर बहुतेक वेळा घरचा टीव्ही एचडीएमआय केबलने जोडता येतो. कीबोर्ड, माउस तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणा. आम्ही तपासणीचे पैसे घेत नाही. लिनक्स घालून सगळं बसवून देण्याची मजुरी 500 रुपये, सुटा भाग लागलाच तर त्याची पावती वेगळी. जुने फोटो आणि कागदपत्रं मात्र आधी काढून घ्या, कारण डिस्क पूर्ण पुसली जाते.

सुरुवात स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रॅमिंग भाषेने करा. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने 2007 मध्ये ते मुलांसाठी मोफत खुलं केलं. साधारण आठ वर्षांपासून पुढे चालतं, आणि ब्राउझरमध्ये उघडतं. टाइप करायचं फारसं नसतं, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे.

पहिल्या दिवशी चौकोन काढू द्या. खाली डावीकडच्या बटणातून ‘पेन’ घ्यायचं, ‘पेन डाऊन’ लावायचं, मग ‘रिपीट 4’ आणि त्याच्या पोटात 100 पावलं पुढे, 90 अंश वळण. पडद्यावरचं मांजर, जे या आज्ञा पाळतं, इतक्या झटक्यात फिरतं की मुलांना काही दिसतच नाही. म्हणून आत ‘वेट 1 सेकंद’ घाला. वळणाचा ठोकळा चुकून ‘रिपीट’च्या बाहेर राहिला तर मांजर सरळ जाऊन कडेला अडकतं. लगेच सांगू नका. पाच मिनिटं गप्प बसा, चूक मुलालाच सापडू द्या. घरच्यांना एवढं जमलं तर आमच्या मते निम्मा क्लास घरीच झाला.

नंतर रांगोळीकडे वळा. पाच टोकांची चांदणी काढायला बहुतेक मुलं 360 ला 5 ने भागून 72 अंश घेतात आणि पंचकोन निघतो. चांदणीला 144 लागतात, कारण मांजराला एकाऐवजी दोन पूर्ण फेऱ्या मारायच्या असतात. तोच चौकोन दर वेळी 10 अंश वळवत 36 वेळा काढला की दारातल्या रांगोळीसारखं फूल तयार होतं. भूमितीच्या तासाला कंटाळणारी मुलं इथे कोनमापक मागतात, हे आम्ही दुकानातच पाहिलं आहे. मांजराच्या तोंडी मराठी वाक्यंही घालता येतात. “आजी, काय करतेस?” हे वाचून आजीसुद्धा शेजारी येऊन बसते.

स्क्रॅच हातात बसलं की पायथॉन, म्हणजे टाइप करून लिहायची भाषा. त्यातलं ‘टर्टल’ हे चित्र काढणारं कासव 1967 च्या लोगो भाषेतून आलेलं आहे. चौकोन तोच असतो, फक्त आता आज्ञा टाइप करायच्या. इंटरनेट नसलं तरी चालतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने कोडिंगसाठी सहावी ते आठवीचा टप्पा सांगितला आहे. पहिलीतल्या मुलासाठी कोडिंग क्लासची वर्षभराची फी आगाऊ भरायची घाई करू नका.

शाळांसाठी थोडं. यंत्रं कमी असतील तर एकावर दोघं बसवा, एक जण माउस-कीबोर्ड चालवेल, दुसरा सूचना देईल, आणि दर दहा मिनिटांनी जागा बदला. बाकीच्यांसाठी वर्गातल्या फरशीवर खडूने चौकटी आखा. एक मूल यंत्रमानव होईल, गट त्याला कागदावर आज्ञा लिहून देईल आणि तो लिहिलंय तेवढंच करेल. एका शाळेला आम्ही सहा संगणक बसवून दिले, पण पासवर्ड आमच्याकडेच ठेवला. आवाज बंद पडला, बाईंना तो सुरू करता येईना, आणि दोन आठवडे खोलीला कुलूप राहिलं. चूक आमची होती. आता पासवर्ड लिहिलेला कागद पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या हातात देतो आणि शिक्षकांना तासभर सगळं दाखवूनच निघतो.

यंत्र आणताना चार्जर किंवा पॉवर केबल विसरू नका, आणि मुलालाही सोबत आणा. डबा उघडल्यावर रॅम कुठे बसते ते आम्ही दाखवतो आणि ती त्यालाच बसवायला देतो.