गट नंबर आणि 'बागायत': फोटोंसाठी आयडी की क्लास?

सावद्याच्या मामांच्या केळीबागेचं वेबपान करत होतो. बारा-तेरा फोटो. आधी सगळ्यांचे कोपरे चौकोनी होते, मामांना गोलसर हवे झाले. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची सजावट लिहितात त्या भाषेत, सगळ्या फोटोंना दिलेल्या .फोटो या क्लासचा नियम बदलला आणि सगळे गोल झाले, घडाचा एक सोडून. मामा म्हणाले, "काय भो, हा एकच बाकीच्यांशी भांडला का?"

भांडण मीच लावलं होतं. त्या फोटोला क्लासबरोबर 'घड' हा आयडीही होता आणि #घड साठी चौकोनी कोपऱ्यांचा वेगळा नियम मी कधीतरी लिहून विसरलो होतो.

आयडी म्हणजे सातबाऱ्यावरचा गट नंबर. गावात तो एकच. शेजारच्या गावात तोच नंबर असला तरी बिघडत नाही, तसं आयडीचं पानापुरतं. क्लास म्हणजे 'बागायत'. कितीही गटांना लागू, आणि एकाच गटाला 'बागायत' नि 'केळी' दोन्ही म्हणता येतं. सीएसएसमध्ये आयडीपुढे हॅश, क्लासपुढे टिंब. नावं देवनागरीतही चालतात.

खरी गोम वजनात आहे. एका आयडीचा नियम दहा क्लास जोडून लिहिलेल्या नियमालाही भारी पडतो, मग तो नियम खाली का लिहिलेला असेना. म्हणून माझा .फोटो हरला. दोन फोटोंना एकच आयडी दिला तर ब्राउझर तक्रार करत नाही, दोघांनाही सजवतो. पण #घड ची लिंक दाबली की पहिल्याच फोटोवर नेऊन सोडतो. त्यामुळे सजावटीला मी आयडी वापरतच नाही.

क्लासमध्येही एक खड्डा आहे, स्पेसचा. टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमध्ये फोटो टाकतो त्या खुणेत, "फोटो डावा" असं स्पेस देऊन लिहिलं की ते दोन क्लास झाले. त्यांचा क्रम कसाही असू दे. सीएसएसमध्ये मात्र दोन्ही क्लास असलेला फोटो पकडायला .फोटो.डावा असं चिकटूनच लिहायचं. मध्ये स्पेस पडली तर अर्थ होतो 'फोटोच्या आतला डावा'. इमेजच्या टॅगच्या आत काही नसतंच, म्हणजे नियम कायम उपाशी. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

मामांच्या घडाचा आयडी तसाच ठेवला, वरच्या 'घड बघा' लिंकला तो लागतो. सीएसएसमधली #घड ची ओळ तेवढी उडवली.