फुंकत राहा

‘समुद्राचं ॲसिड होतंय’ असा फॉरवर्ड आमच्या नववीच्या वर्गात फिरला, आणि एका मुलानं दादर चौपाटीवरून बाटलीभर पाणीच आणलं. आम्लात लाल होणारा निळा लिटमस निळाच राहिला. “सर, फेकाफेकी आहे!”

२००६ साली माहीमचा समुद्र ‘गोड’ झाला म्हणून लोक बाटल्या भरून ते गढूळ पाणी प्यायले होते. त्या मानानं हा मुलगा बरा, आधी तपासलं तरी. पण बातमी खोटी नाही. समुद्र आजही आम्लारिधर्मीच आहे, फक्त पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू (pH, जितका कमी तितकं पाणी आम्लाकडे) औद्योगिक क्रांतीआधी सुमारे ८.२ होता, तो आता ८.१ च्या आसपास आलाय. सामूची पट्टी लॉगरिदमची (दर एका अंकाला दहापट), त्यामुळे ०.१ घटला की आम्लपणा आणणारे हायड्रोजन आयन साधारण २६ टक्क्यांनी वाढतात. लिटमसला हे कळत नाही. शिवाय चौपाटीच्या पाण्यात नाल्यांचं पाणीही असतंच.

बरेच शिक्षक हे समजवायला शिंपला व्हिनेगरमध्ये टाकून बुडबुडे दाखवतात. मला ते पटत नाही. इतका आंबट समुद्र कधीच होणार नाही. त्यापेक्षा चुन्याची निवळी घ्या, थोडी पातळ करा आणि स्ट्रॉनं फुंका (ओढू नका!). निवळी दुधाळ होते. पुस्तक इथं थांबतं; आपण फुंकत राहायचं. काही मिनिटांत पांढरेपणा विरतो आणि पाणी पुन्हा नितळ!

आधी तयार झालं ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे शिंपल्याचाच माल. पुढच्या श्वासांतल्या कार्बन डायऑक्साइडचं पाण्यात कार्बोनिक आम्ल झालं, त्यानं हायड्रोजन आयन सोडले, त्यांनी कार्बोनेटला गाठून बायकार्बोनेट केलं. ते पाण्यात विरघळतं. आपल्या धुरातला जवळपास पाव कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषतो, तिथंही हेच होतं. शिंपला लगेच विरघळत नाही; तो बांधायला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. तिसऱ्या, कालवं अशा शिंपल्यातल्या जिवांच्या पिल्लांना ते जास्त जाचतं. २००७च्या सुमारास अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावरच्या कालव-पैदास केंद्रात पिल्लं मोठ्या प्रमाणावर मेली, त्यामागे असंच पाणी होतं.

वर्सोवा कोळीवाड्यातल्या एका मुलीनं विचारलं, “पांढरं परत आणता येतं का?” परीक्षानळी बर्नरवर धरली. वायू उडाला, पाणी हळूहळू गढुळलं. “गीझरमध्ये साचतं ते हेच?” हेच.